पाद्रीबाबांचा आवाज आणि भाच्याची बेस गिटार

मी एक जुना स्पीकर आहे. मित्रांनो, सामोआतल्या आमच्या गावात परमेश्वराचा शब्द माझ्याच तोंडून उतरत आला. बुधवारी हाउजीचे आकडेही माझ्याच तोंडून उतरत.

ऑकलंडला गेलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून मला चर्चला पाठवलं, कारण पाद्री इलाओआ यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. उरलेला आवाज पहिल्या बाकापर्यंत जेमतेम पोचे. चर्चचे मुख्य पंच तुइलोमा म्हणाले होते, "शेवटच्या बाकाला ऐकू येत नाही, तो पाद्री ठेवायचा कसा?" पद गेलं की चर्चचं घरही जातं. मी आलो आणि निभावलं. मग तर पाद्रीबाबा इतकं बोलू लागले की घरोघरी भट्टीतून काढलेले तारोचे कंद थंडगार होऊन जात. लोकांनी मला फुलांची माळ घातली. मित्रांनो, गळ्यात माळ पडली की सावध व्हावं.

पाद्रीबाबांचा भाचा पेसामिनो बस चालवतो आणि चर्चच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. गिटारचा स्वतःचा स्पीकर खाऱ्या हवेनं खाल्ला. त्यानं तिची वायर माझ्यात खुपसली.

"मामा, स्पीकर तो स्पीकर! माझ्या बसमध्ये याच्या निम्माच आहे, तरी छत थरथरतं."

"तुझ्या बसचं छत दोरीनं बांधलंय," फुआतिनो मामी म्हणाल्या. "ते शिंकेनंही थरथरतं."

मित्रांनो, माणसाचा आवाज दारावर टकटक करतो. बेस दार उखडून आत येते. पहिल्याच सुराला खिडक्यांच्या काचा कुजबुजल्या. भिंतीवरच्या पाली खाली उतरून बाहेर चालू लागल्या. माझा कागदी पडदा पुढे-मागे असा हेलकावत होता, की त्याची कड कुठंतरी सुटत चालल्याचं मला जाणवलं. आणि येत्या रविवारीच पाद्रीबाबांना ठेवायचं की नाही, याचा निकाल पंच लावणार होते.

"अरे, हा खोकतोय," मामी म्हणाल्या.

"खोकत नाही मामी, गातोय!"

"तुझे मामाही ऑपरेशनच्या आधी असंच गात होते."

पेसामिनो हसला. शनिवारच्या तालमीत त्यानं बटण आणखी फिरवलं. माझ्या पोटातून जळक्या तारेचा वास आला. मग सूर आलाच नाही.

रविवारी पंच पांढऱ्या कपड्यांत पुढे बसले. पाद्रीबाबांनी माइकशी तोंड नेलं. माझ्यातून फक्त खरखर निघाली. पेसामिनो गिटारमागे लपायला बघत होता, पण गिटार अरुंद असते. पाद्रीबाबांनी कागदांची जाडजूड चळत उलटी ठेवली आणि माइक सोडून कुजबुजत बोलू लागले. हातातले पंखे थांबले. मागचे बाक पुढे झुकले. थोड्याच वेळात घसा बसला, आणि त्यांनी "आमेन" म्हटलं.

पंच नीरफणसाच्या झाडाखाली जमले. मामी घरी जाऊन चटया गुंडाळू लागल्या. पेसामिनो दारात उभा राहून रडत म्हणाला, "मामी, बसमध्ये राहा तुम्ही. छत नीट करतो."

तेवढ्यात तुइलोमा तोंड पुशीत आले. त्यांच्या हातात तारोचा अर्धा कंद होता.

"पाद्रीबाई, चटया पसरा. बाबा मरेपर्यंत इथंच राहतील, सगळ्यांचं एकमत झालं. असं प्रवचन आयुष्यात ऐकलं नव्हतं."

"काय सांगितलं त्यांनी?" मामींनी विचारलं.

"ते शेवटच्या बाकापर्यंत आलं नाही," तुइलोमा म्हणाले. ते स्वतः काही मागे बसले नव्हते. ते पुढेच होते. "पण कंद बघा, अजून हाताला चटका देतोय."

मित्रांनो, ज्याला बोलायला घडवलं त्याच्याकडून गडगडाट करून घेऊ नका. वस्तू जपा. तिच्या खोकल्याकडे लक्ष द्या.

ऑकलंडहून माझ्यासाठी नवा पडदा आला आहे. ते पार्सल अजून कुणी फोडलेलं नाही.