मागच्या अंगाची खिडकी

घराचा विसार देऊन आल्यापासून सूर्यनारायणरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. अठ्ठावन्न सालच्या तंजावुरात घेतलेलं ते घर एकमजली, गच्चीचं, शेजाऱ्याशी भिंत सामाईक असलेलं. घेतलं ते वर माडी चढवायला, आणि माडी हवी होती सुंदरीसाठी. लेकीला नवऱ्याने वर्षाच्या आत माहेरी आणून सोडलं होतं. भाड्याच्या दोन खोल्यांत तिला दार लावून रडायचीही सोय नव्हती.

विसाराआधी रावांनी नगरपालिकेच्या गुरुमूर्ती ओव्हरसीयरना घर दाखवलं होतं. "वर मागच्या अंगाला खोली काढली तर?" असं त्यांनी तमिळमध्ये विचारलं. गुरुमूर्ती गच्ची निरखत म्हणाले, "परवाइल्लै." राव खूश झाले. या शब्दाने तमिळ माणूस 'हरकत नाही' म्हणतो, तसंच 'बरं आहे' असंही म्हणतो. जन्मभर तमिळ बोललेल्या या शहाण्याला ते आठवलं विसार दिल्यावर.

दुसऱ्या दिवशी सुंदरीला घर दाखवायला निघालेले राव वाटेत नगरपालिकेत शिरले.

"मी गच्चीला बरी म्हणालो," गुरुमूर्ती म्हणाले. "माडीला मंजुरी हवी तर शेजाऱ्याची लेखी संमती आणा. आणि खोलीला खिडकी पाहिजे. तुमची कुठे उघडणार?"

ती उघडणार होती शेजारच्या वेंकूबाईंच्या अंगणावर. राव तडक तिकडे निघाले. सुंदरी मागून येते आहे याचंही त्यांना भान नव्हतं.

वेंकूबाई रावांसारख्याच तंजावुरी मराठी, वयाने मोठ्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माडी चढव की. भिंतीचें मज काही नाही. पण खिडकी माझ्या अंगणावर नको. मी तिथे न्हातें."

"जाळी लावतों, अक्का."

"जाळीतून दिसत नाही काय?"

"मग खूप उंच काढतों."

"नको म्हटलें नव्हे? खोली पुढे घे, खिडकी रस्त्याकडे काढ. तिथे कोण अडवतो तुज?"

अडवत कोणीच नव्हतं. तरी राव सबबी सांगू लागले. पुढे ऊन फार, धूळ फार, उत्सवात वाजंत्री कानाशी. खरं कारण त्यांच्या तोंडून निघेना. पोरगी रस्त्यावरच्या खिडकीत दिसली की सगळी गल्ली मान वर करणार, आणि ही अजून माहेरीच कशी, असं त्यांना गाठून विचारणार.

"अप्पा," उंबऱ्याशी उभी असलेली सुंदरी म्हणाली, "खिडकी रस्त्याकडेच काढा."

"लोक बघतात, सुंदरी."

"बघू देत. मीही बघेन त्यांना. सोडून गेला तो, आणि लपायचें मी कां?"

आपण लेकीसाठी खोली शोधतोय असंच राव इतके दिवस स्वतःला सांगत आले होते. त्यांना फार लाज वाटली, आणि ती लेकीची नव्हती.

"तुज लप म्हणून कोण म्हटलें?" ते कसेबसे म्हणाले.

सुंदरीने फक्त त्यांच्याकडे पाहिलं, आणि रावांनीच मान खाली घातली.