जांभळ्या पिनचा कीबोर्ड

मित्रांनो, तुम्ही मला बहुधा ओळखणार नाही. मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या वायरच्या टोकाला सहा काड्यांची जांभळी, गोल पिन आहे आणि हल्लीच्या लॅपटॉपला ती लावायला जागाच नसते.

माझी उमेदीची वर्षं एका छापखान्यात गेली. तिथे आत्या टायपिंग करायच्या. घरी सोबत राहणारी भाची त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही. माझ्या कळा उंच आणि मध्ये किंचित खोलगट, त्यामुळे बोट आपसूक जागेवर बसतं. आत्या नजर मजकुरावर ठेवून, माझ्याकडे न बघता पानामागून पान हातावेगळं करत. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांनी मला घरी आणलं.

घरी त्या रोज दुपारी परगावच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, ईमेलने पत्र लिहीत. अक्कांना ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. दोघींची भांडणं आणि समेट सगळं पत्रांतूनच व्हायचं. पुढे जुना संगणक बंद पडला, लॅपटॉप आला आणि मी चपलांच्या खोक्यात गेलो.

त्याच वर्षी आत्यांची नजर अधू झाली. लॅपटॉपच्या सपाट कळांवर त्यांची बोटं चुकू लागली. एकदा त्यांनी अर्धा तास लिहिलं, पण त्यातला एकही शब्द धड नव्हता.

"तुम्ही सांगा, मी लिहिते," भाची म्हणाली.

"बहिणीशी भांडायचं तेही दुसऱ्याच्या हातून? छे!"

आठ महिने पत्र गेलं नाही. खोक्यात मी त्या बोटांच्या आठवणीवर दिवस काढत होतो.

एक दिवस आत्यांनी विचारलं, "माझा जुना कीबोर्ड कुठाय गं?"

भाचीने बोटभर अडॅप्टर आणला. त्याच्या एका टोकाला माझी पिन बसली, दुसरं टोक लॅपटॉपमध्ये गेलं. माझे तिन्ही दिवे लुकलुकले. आत्यांनी कळा दाबल्या, पण पडदा कोराच राहिला.

"गेला बिचारा," भाची म्हणाली.

मित्रांनो, मलाही ते खरं वाटलं. इतके महिने पडून होतो, मीच बिघडलो असणार.

"लगेच काय गेला? माझे डोळे अधू झाले, मी गेले का? दुकानात दाखव आधी!"

दुकानदाराने अडॅप्टर बघितला आणि हसला. "मॅडम, ही नुसती टोपी आहे. पिनचा आकार बदलते, बोली नाही. याची बोली जुनी आहे, लॅपटॉपला कळत नाही. आत सर्किट असलेला कन्व्हर्टर न्या. तो दुभाष्याचं काम करतो."

घरी आल्यावर भाचीने तो कन्व्हर्टर जोडला आणि आत्यांनी भीत भीत एक कळ दाबली. "उमटलं?"

"उमटलं, आत्या!"

त्यांनी भाचीला लगेच खोलीबाहेर पिटाळलं. मग कितीतरी वेळ त्यांची बोटं माझ्यावर धावत होती.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. भाचीने मोठ्याने वाचलं, "आठ महिने! मला वाटलं, कायमची रुसलीस. रोज दुपारी लॅपटॉप उघडून बसायचे. आणि आता लिहिलंस, तर त्यात माझ्याच चुका काढल्यास! वाचून फार बरं वाटलं."

आत्यांनी ते तीनदा वाचायला लावलं.

मित्रांनो, जुनं काही गप्प झालं तर लगेच टाकून देऊ नका. आधी मधला जोड तपासा. कदाचित ते बोलत असेल, आणि फक्त पलीकडे पोचत नसेल.

आत्यांची बोटं आता पूर्वीइतकी चपळ नाहीत. पहिलं वाक्य सुचेपर्यंत त्या माझ्या कळांवर हात ठेवून नुसत्या बसतात. मी वाट बघतो. वाट बघणं मला नवीन नाही, पण आता हात माझ्यावर असतात.