अजून फेस आला नाही

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. जाड तपकिरी काचेची, खांद्यावर चरा गेलेली. डोक्यावर तारेने आवळलेलं चिनीमातीचं बूच आणि त्याखाली लाल रबराची चकती, एवढाच काय तो माझा दागिना. खरं सांगू? मी फार दमले आहे. पण बाटलीला कोण म्हणतं, बाई, घटकाभर टेक म्हणून?

भट्टीतल्या एका कारागिराने लांब नळीतून फुंकर घातली आणि मी जन्मले. म्हणजे माझ्या पोटात सगळ्यात आधी काय होतं, तर एका माणसाचा श्वास. पुढे कितीतरी वर्षं मी दुकानात आल्याचं सरबत वाहिलं. मग यॉर्कशायरमधल्या एका गिरणीच्या गावात, एनॉक बटरवर्थच्या घरी आले.

एनॉक लोकरीच्या गिरणीत कामाला होता आणि गावच्या पितळी बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे एक छोटी तुतारी, वाजवायचा. दर पानगळीला तो बायकोच्या, नेलीच्या, कपडे उकळायच्या हंड्यात माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेलं जव, आणि हॉप्सची कडू फुलं शिजवून कडक काळी बिअर करायचा. ती मोठ्या माणसांची गंमत, तुमची नव्हे. आम्हा बहिणींना भरताना तो प्रत्येकीत चिमूटभर साखर टाकी. बिअरमधलं यीस्ट ती साखर खातं, वायू सोडतं, आणि एक दिवस बूच उघडलं की फस्स करून फेस वर येतो.

त्या वर्षीची बिअर पुढच्या व्हिट शुक्रवारसाठी होती. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या त्या दिवशी आसपासचे सगळे बँड गावोगाव वाजवत फिरतात. पण आम्ही भरलो, आणि एनॉकला न्यूमोनियाने गाठलं. जीव वाचला, श्वास मात्र परतेना. जिन्याच्या चार पायऱ्या चढला की तो कठड्याला धरून उभा राही. कॉर्नेट खुंटीला लटकलं.

नेलीचा भाऊ पर्सी बँडमध्ये मोठा ढोल बडवायचा. दर रविवारी जेवायला यायचा. आला की आधी एनॉकला विचारायचा, दम परतला का. मग आमच्यापैकी एकीचं बूच उघडायचा. फस्स नाही, फेस नाही. नुसतं गोड, जड पाणी.

"खोकल्याचं औषध केलंयस की काय रे?" तो म्हणायचा, आणि तरीही पेला संपवायचा.

मला वाईट वाटायचं ते एनॉकच्या तोंडाकडे बघून. प्रत्येक मुक्या बुचागणिक तो खुर्चीत आणखी खचायचा, जणू ती चौकशी त्याचीच होती. त्यात पर्सीने एकदा सांगून टाकलं की बँडवाले बँडमधली एनॉकची खुर्ची व्हिट शुक्रवारपर्यंतच राखतील. नंतर ती गिरणीतल्या नव्या कारकुनाला जाणार.

हिवाळा सरता सरता एनॉकच म्हणाला, "यीस्ट मेलंय. ओतून टाक."

पर्सीने लगेच बशा काढल्या. बिअरच्या वासाने गोगलगाई येतात आणि बशीत बुडतात, कोबी वाचतो. माझ्या बहिणी एकामागून एक वाफ्यात रित्या झाल्या. मी शेवटची. त्याने माझी मान धरली, तोच नेली दारात आली.

"ठेव ती खाली."

"अगं, चार महिने झाले. अजून फेस नाही."

"एनॉकलाही चार महिने झालेत धापा टाकतोय," नेली म्हणाली. "त्यालाही ओतू का कोबीत?"

पर्सीने मला खाली ठेवलं.

मग नेलीने दोघांनाही ऐकवलं. हलकी बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होते. कडक बिअरमधलं यीस्ट राबून राबून अर्धमेलं झालेलं असतं, वर ह्या दोघांनी त्याला दगडी कोठीच्या गारठ्यात ठेवलेलं. त्याला ऊब हवी, आणि महिनोन्महिने वेळ. रोज डोकावून विचारलं म्हणून कोणी लवकर बरं होत नाही.

तिने माझी चिरलेली रबरी चकती बदलली, मला एनॉकच्या जुन्या लोकरी बंडीत गुंडाळलं आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवलं. तिथे मला माझं यीस्ट जाणवू लागलं. एक बुडबुडा, मग दीर्घ झोप. पुन्हा एक. भिंतीपलीकडून एनॉकचं खोकणंही ऐकू यायचं. दिवसेंदिवस त्यात मोठा खंड पडू लागला.

व्हिट शुक्रवारी एनॉक बँडसोबत गेला नाही. चढावर चालत वाजवण्याएवढं बळ नव्हतंच. तो दारातल्या पायरीवर बसला. नेलीने मला आणून त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्याने तार सोडली. फस्स! फेस त्याच्या बोटांवरून ओघळला. दोघांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत मला रितं केलं.

तेवढ्यात बँड वळणावर आला. एनॉकने मला ओठांशी नेलं आणि माझ्या तोंडावर फुंकर धरली. माझ्या रित्या पोटातून घुमणारा, खोल सूर निघाला. तो लांबत गेला, लांबतच गेला, कठडा न धरता. पर्सीचा ढोलावरचा एक ठोका चुकला.

"सूर पडलाय," तो जाता जाता ओरडला. "पण दम आहे. खुर्चीचं मी बघतो."

मित्रांनो, आता मी खिडकीत उभी असते. कोणी मला विसळून पालथं ठेवलं, तरी पुरे. मात्र तुमच्या घरी कोणी दमलेलं असेल, तर रोज बूच उघडून बघू नका. ऊब द्या, आणि थांबा.