धाटाची गव्हाण

भांडगावच्या सुवर्णाला ख्रिसमस फारसा कळत नव्हता, गव्हाण कळत होती. दौंडच्या शाळेत मार्था मिसनी तिला मोडक्या इंग्रजीसकट दहावी पार करून दिली, तेव्हापासून दर डिसेंबरला मिसच्या घरची, येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाण सुवर्णाकडून जायची. ज्वारीची धाटं नवरा रोहिदास सोलायचा, आतल्या पांढऱ्या गाभ्याचे बैल सासू धुरपदाबाई करायच्या, आणि मेंढपाळ, राजे, बाळ हे सुवर्णाच्या हातचं. राजांना फेटे असायचे. राजा म्हटल्यावर बोडका कसा चालेल?

यंदा मिस निवृत्त झाल्या. म्हणून गव्हाण चांगली हातभर लांब केली. तीन आठवडे घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ती आपल्या नावानं मिसच्या हातात पडावी, एवढंच सुवर्णाचं म्हणणं. तेवीस तारखेला रोहिदास ती पिकअपमध्ये घालून दौंडला म्हणून गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

"काय म्हणल्या मिस?"

"खूश झाल्या," म्हणाला आणि लगबगीनं म्हशीकडं गेला.

दुसऱ्या दिवशी थोरले दीर इंद्रजीत यांचा शिरूरला सर्वधर्मीय स्नेहमेळावा होता. निवडणुकीच्या आधी सहा महिने दादांना सगळे धर्म सारखेच प्रिय होत. घरच्यांनी पुढच्या खुर्च्या भरायच्या, हे ठरलेलं. सुवर्णा बसली आणि बघते तर स्टेजवर तिचीच गव्हाण. पुढं पुठ्ठा: 'निर्मिती: सौ. सुलक्षणा इंद्रजीत.' या थोरल्या जाऊबाईंनी जन्मात धाट सोललं नव्हतं. त्यांना ऊससुद्धा करवे करून द्यावा लागायचा.

रोहिदास मंडपाचं कापड निरखत होता.

"तुम्ही दिली?"

"दादा म्हणला. घरातलं घरातच हाय की."

"आन् मिस खूश झाल्या, ते?"

"आता होत्याल. त्यांनाच द्यायचीय."

खरंच, प्रमुख पाहुण्या मार्था मिसच होत्या. सुवर्णाच्या जिवात जीव आला. मिस ओळखणार! बाळाच्या गालावर धुरपदाबाईंनी काजळाची तीट लावली होती. देव झाला तरी लेकरूच, दृष्ट लागते. मिस दर वर्षी ती तीट बघून हसायच्या आणि राहू द्यायच्या. आताही मिसनी चष्मा सावरला, तीट पाहिली, मग थेट सुवर्णाकडं पाहिलं. आणि माइक ओढून म्हणाल्या, "सुलक्षणाताईंच्या हातात जादू आहे. आणि आमच्या दफनभूमीला कुंपण देणाऱ्या इंद्रजीतरावांचं मन तर त्याहून मोठं."

टाळ्या पडल्या. रोहिदासच्या सगळ्यात जोरात.

सूत्रसंचालकाला चेव चढला. "आता ताई स्वतः सतरंजीवरच्या या मुलांना बैल करून दाखवतील!" कुणीतरी शेजारच्या गोठ्यातून कडब्याची पेंढी आणून टाकली, वर चाकू ठेवला. सुलक्षणा पेंढीकडं साप दिसल्यासारखी बघत हसली. मग माइकवरून, अगदी मायेनं: "सुवर्णा, ये गं जरा मदतीला."

रोहिदासनं कोपर मारलं. "ऊठ की! इज्जतीचा सवाल हाय."

"कुणाच्या?"

मिससुद्धा बघत होत्या. वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्या पोरीकडं बघायच्या, तशा.

सुवर्णा उठली. पदर नीट केला.

"मला कुठलं येतंय, जाऊबाई?" मांडवभर ऐकू जाईल असं ती म्हणाली. "मी आपली बघायला आलीय."

आणि पुन्हा खुर्चीवर बसून, हाताची घडी घालून, बघू लागली.