दोनशे छप्पन्न पत्त्यांचा रखवालदार

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे, आणि जगातल्या सगळ्या दळणवळणाचा भार माझ्या शिरावर आहे. निदान मी तसं समजतो. प्रत्यक्षात माझ्या शिरावर कवळीचे दोन साचे आहेत, कारण मी एका दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत राहतो आणि तिथे सपाट जागेची टंचाई आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकाच दिवशी, एकाच तोंडवळ्याची आम्ही शेकडो भावंडं. नावं ठेवायला कोणाला सवड नव्हती, म्हणून पोटावर आकडे चिकटवले. माझं तारुण्य एका विमा कचेरीत गेलं. काम अडलं की तिथले साहेब म्हणायचे, "नेट स्लो आहे." काम झालं की माझं नाव कोणी काढत नसे. पुढे नवा राउटर आला आणि मी भंगारवाल्याच्या तराजूत गेलो. तिथे माझ्या शेजारी एक मिक्सर होता. त्याला जास्त मान होता, कारण त्यात तांबं होतं.

तिथून मला एका वायरमनने उचललं. हा वायरमन, दंतवैद्य बाई आणि भूगोलाचे एक निवृत्त गुरुजी हे हौशी रेडिओवाले. म्हणजे रीतसर परीक्षा देऊन, परवाना काढून, दूरच्या अनोळखी माणसाला "तुमचा आवाज स्वच्छ येतोय" असं कळवणारे लोक. त्यांचा अकरा जणांचा क्लब याच मागच्या खोलीत भरतो.

बाईंची धाकटी बहीण घाटापलीकडे एका हवामान केंद्रावर एकटीच असते. तिथे मोबाइल चालत नाही. तिच्याकडे रेडिओ आहे, पण मधला डोंगर आवाजाला ओलांडू देत नाही. म्हणून क्लबाने पलीकडच्या पायथ्याला, एका शाळेच्या गच्चीवर, रेडिओची पेटी बसवली होती. धाकटी पेटीशी बोलायची आणि पेटी ते बोलणं इंटरनेटवरून आमच्याकडे पोचवायची. हे सगळं एका कॉलेजातल्या यंत्रामार्फत चालायचं. कॉलेजने ते यंत्र बंद करायचं ठरवलं, तेव्हा बैठक बसली.

पहिला मार्ग म्हणजे इंटरनेटवर यंत्राला शोधायला जो आकडी पत्ता लागतो, तो चारचौघांसारखा इंटरनेट कंपनीचाच वापरायचा. "तो आज एक, उद्या दुसरा," वायरमन म्हणाला, "आणि शंभर घरांना मिळून एकच दार. पेटीने हाक मारायची कुणाला?"

दुसरा मार्ग बोगद्याचा. परदेशातल्या एखाद्या हौशी माणसाच्या यंत्रापर्यंत आपलं बोलणं न्यायचं आणि त्याच्या दारातून ये-जा करायची. "म्हणजे शेजारच्या घाटात बोलायला दोनदा समुद्र ओलांडा," गुरुजी म्हणाले. "आणि तो मनुष्य सासुरवाडीला गेला की आपण मुके."

तिसरा मार्ग मानाचा. जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांसाठी पत्त्यांचा एक मोठा साठा फार पूर्वीच राखून ठेवलेला आहे. त्यातला आपला वाटा मागून घ्यायचा आणि "हे पत्ते इथे राहतात" अशी दवंडी स्वतःच पिटायची. ही दवंडी शेजारच्या राउटरला सांगायची, त्याने त्याच्या शेजाऱ्याला, असं करत ती जगभर जाते. मात्र दोनशे छप्पन्नपेक्षा कमी पत्त्यांची दवंडी जग सहसा ऐकून घेत नाही. त्यामुळे अकरा माणसांना दोनशे छप्पन्न पत्ते मिळाले. गुरुजींनी तीन घेतले, पैकी एक सुनेसाठी. सुनेने तो परत केला.

दवंडीचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच संध्याकाळी धाकटीचा आवाज खणखणीत उमटला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. वायरमनने माझ्या पाठीवर थाप मारली आणि एक साचा खाली पडला.

आता रेडिओवाल्यांचा एक शिष्टाचार असतो. हवेतली जागा सगळ्यांची. आपलं बोलून झालं की बटण सोडावं, उगाच अडवून धरू नये. हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की ज्याचं बोलणं संपे तो उठताना माझी दवंडी बंद करी आणि पुढचा येऊन ती चालू करी. "आपण बोलत नसताना जगाला कशाला त्रास?" गुरुजी म्हणत.

मित्रांनो, दवंडीचं तसं नसतं. घटकेत "इथे राहतो" आणि घटकेत "राहत नाही" म्हणणाऱ्याबद्दल शेजारीपाजारी काय समजतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. वाटेतल्या मोठ्या राउटरांनी मला वाळीत टाकलं. मी ओरडत होतो आणि ते कानात बोळे घालून बसले होते.

आणि हे घडलं ते नेमकं नको त्या दिवशी. आदल्या संध्याकाळी धाकटी म्हणाली होती, "ताई, अंग जरा कणकणतंय. उद्या सांगते कसं वाटतंय ते." पहाटे घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. उद्या उजाडला तेव्हा आमच्याकडे नुसती खरखर. शाळेला सुट्टी, त्यामुळे पेटीजवळ चिटपाखरू नाही. बाईंनी केंद्राच्या मुख्य कचेरीत फोन लावला.

"आकडे वेळेवर येतायत. काळजी नसावी," तिकडून उत्तर आलं.

"आकडे यंत्र पाठवतं हो, उपग्रहावरून. माणूस कसं आहे?"

"त्याचा रकाना नाही."

बाईंनी दवाखाना उघडलाच नाही. वायरमनने मला बंद करून चालू केलं. मग गुरुजींनी केलं. मग वायर बदलून पुन्हा वायरमनने. "अजून एकदा करून बघा ना," बाई म्हणत, आणि दर खेपेला माझा वनवास वाढत होता. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. मला फक्त हिरवा दिवा आहे.

शेवटी बाईंनी आम्हाला जोडणी देणाऱ्या कंपनीत फोन केला. तिथल्या मुलीने काहीतरी तपासलं.

"मॅडम, तुमची दवंडी सकाळपासून नुसती उघडझाप करतेय. वरच्या लोकांनी तुम्हाला गप्प बसवलंय."

"मग आम्ही काय करू?"

"काही करू नका."

"म्हणजे नक्की काय करू?"

"हात लावू नका. तास-दीड तास. शिक्षा आपोआप उतरते."

हौशी माणसाला याहून अवघड काम नाही. वायरमन दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला. गुरुजी उठले, बसले, पुन्हा उठले. "नुसतं बघतो, लावत नाही."

"गुरुजी, दात काढीन," बाई म्हणाल्या. त्या काढू शकत होत्या. गुरुजी बसले.

मी मात्र शांतपणे, न थांबता, एकच वाक्य म्हणत राहिलो: इथे राहतात, इथेच राहतात. मग खरखरीतून आवाज आला.

"ताई? अगं कधीची हाका मारतेय. ताप उतरला माझा. दोन घास जेवलेसुद्धा. तू होतीस कुठे?"

"इथेच," बाई म्हणाल्या. त्यांनी पेशंटांसाठी ठेवलेला कापूस घेऊन डोळे पुसले. वायरमनने हात बाहेर काढले, तर दोन्हींना मुंग्या आलेल्या. गुरुजींनी कोणी न मागता सगळ्यांना पाणी दिलं.

तेव्हापासून माझ्यावर "हात लावू नये" असं लिहिलेलं आहे. सगळे ते इतकं पाळतात की धूळही पुसत नाहीत. मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्रांची काळजी घ्या. फडकं मारायला हरकत नाही, पण जे नीट चाललं आहे ते भल्या हेतूनेही बंद करू नका.

दोघी बहिणी रोज संध्याकाळी बोलतात. बोलणं बहुतेक आवाज कसा येतोय याबद्दलच असतं.