कँडीला न गेलेला अंतरपाट

मित्रांनो, मी एक जुना अंतरपाट आहे. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरा-नवरीच्या मध्ये धरतात ना, तो. माझा मुक्काम दुबईच्या बर दुबई भागातल्या एका फ्लॅटमध्ये, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात. एकेकाळी मी फार देखणा होतो हो! आता घड्यांवर पिवळा पडलोय, हे काही लपत नाही.

इथल्याच मीना बाजारातल्या एका दुकानात मी मोतिया रंगाचं साधं रेशीम होतो. शोभनाताईंनी १९९१ साली भाचीच्या लग्नासाठी मला घरी आणलं. दुपारची कामं आटोपली की एसीसमोर बसून त्यांनी माझ्यावर कलश भरला, आंब्याची पानं भरली आणि मधोमध लालभडक स्वस्तिक भरलं. ते लग्न झकास झालं आणि माझं नशीब उघडलं. "शोभना, तुझा अंतरपाट दे गं," म्हणत दुबईतली मराठी मंडळी मला मागून नेऊ लागली. सुटकेसमध्ये बसून मी सांगली पाहिली, नाशिक पाहिलं, रत्नागिरीही पाहिली. परत येताना माझ्या घडीत अक्षता असायच्या. सगळे कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचो. "न्या, पण जपून हं," शोभनाताई बजावायच्या. "अस्मिताच्या लग्नात हाच धरायचाय."

अस्मिता त्यांची एकुलती एक लेक. दुबईच्याच जबल अली भागातल्या एका कंपनीत ती नोकरीला लागली आणि तिथेच तिचं रुवनशी जमलं. रुवन श्रीलंकेचा, कँडीचा. आता घर डोक्यावर घेतलं जाणार, असं मला वाटलं होतं. पण तिचे वडील चारुदत्तराव मोठ्या मनाचे. "मुलगा चांगला आहे ना? मग खलास!" म्हणाले. रुवनच्या आजीला प्रवास झेपत नव्हता, म्हणून लग्न कँडीला करायचं ठरलं. तेही त्यांनी मान्य केलं.

मग दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, फोनचा स्पीकर लावून कँडीशी बोलणी सुरू झाली. त्यांच्याकडे सजवलेल्या लाकडी चौथऱ्यावर लग्न लागतं आणि मुलीचे वडील तिचा हात नवऱ्याच्या हातात देतात. ज्योतिषाकडून मुहूर्तही काढतात, हे ऐकून शोभनाताई हरखल्याच. "अगं बाई, यांचं तर अगदी आपल्यासारखंच!" त्यांचे विधी झाले की मला धरायचं आणि मंगलाष्टकं शोभनाताईंनी म्हणायची, असं पक्कं झालं. पोळ्या लाटताना त्यांचा मोठ्यानं सराव चालायचा. कपाटात पडल्या पडल्या मी मनानं केव्हाच कँडीला पोचलो होतो.

माशी शिंकली ती आमंत्रणात. अस्मिता तयारीसाठी पुढे गेली होती. एका संध्याकाळी शेजारचा कुशल, रुवनचा ऑफिसातला मित्र, सोनेरी पत्रिका नाचवत आला. "काका, तुमची फ्लाइट कुठली? यल्ला, एकत्रच जाऊ!"

चारुदत्तरावांनी पत्रिका वाचली. निमंत्रक म्हणून रुवनच्या आईवडिलांशेजारी त्यांचं आणि शोभनाताईंचं नाव होतं. कुशल गेल्यावर ते म्हणाले, "ऑफिसच्या पोरांना कार्ड, आणि मुलीच्या बापाला आमंत्रणाचा साधा फोन नाही?"

"अहो, नाव छापलंय ना आपलं!"

"नाव छापलं, पण 'या' म्हणालं कोणी? इतके शुक्रवार बोलतोय, एका शब्दानं म्हणाले? मुलीच्या लग्नात मी आगंतुकासारखा जाऊ? प्रॉपर इन्व्हिटेशन येऊ दे, मग तिकिटं बुक करू."

मानपान म्हटलं की भल्या माणसाचीही मती फिरते, ती ही अशी.

अस्मिताचा फोन आला. "बाबा, यू आर कमिंग, ना?" "इन्शाल्ला," एवढंच ते म्हणाले. मनातलं बोलून दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटलं आणि बाबा रुसले असतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. शोभनाताईंनी मला बॅगेत सगळ्यात वर ठेवलं आणि बॅग दाराशी उभी केली. आमंत्रण काही आलं नाही. लग्नाच्या सकाळी चारुदत्तराव टाय बांधून ऑफिसला निघून गेले. शोभनाताईंनी मला मांडीवर घेतलं आणि मुहूर्ताच्या वेळी हलक्या आवाजात मंगलाष्टकं सुरू केली. ती त्यांना पुरी करता आली नाहीत. "एकटी गेले असते तर काय बिघडलं असतं रे?" त्या मलाच विचारत होत्या. माझ्या जिवाला फार लागलं ते.

त्यानंतर मला कुणी मागितलं, की त्या "सापडत नाही" म्हणून सांगायच्या.

२००३ साली अस्मिताला मुलगी झाली आणि रुवनची आई दुबईला आली. अस्मिता आणि बाळाबरोबर ती आमच्याकडे आली, तेव्हा त्यांच्याकडच्या मान देण्याच्या रीतीप्रमाणे विड्याच्या पानांची जुडी तिनं दोन्ही हातांनी चारुदत्तरावांपुढे धरली आणि वाकून नमस्कार केला.

"आम्ही तुमची फार वाट पाहिली," ती इंग्रजीत म्हणाली. "मुलीचा हात द्यायला कुणीच नव्हतं. मुहूर्त टळायला आला, तेव्हा रुवनचे काका उभे राहिले."

"पण तुम्ही बोलावलंच नाही," चारुदत्तराव कसेबसे म्हणाले.

तिला कळेचना. "तुम्हाला? अहो, लग्न तुमच्याच घरचं. घरच्यांना कुणी 'या' म्हणतं का?"

चारुदत्तरावांनी ती पानं दोन्ही हातांनी घेतली. मग अस्मिताला म्हणाले, "चुकलं गं माझं."

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली आणि बाळाला बघायला आत गेली. बाळ तर गाढ झोपलेलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं रेशीम असेल, तर त्याला अधूनमधून वारा दाखवा, घडी बदला. पण त्याहून मोठी विनवणी ही, की आपल्या माणसाकडे जायला कुणाच्या 'या'ची वाट पाहू नका. रुवनच्या आईनं लग्नाची व्हिडिओ कॅसेट आणून दिली आहे. चारुदत्तराव शुक्रवारी ती लावून बसतात. चौथऱ्यावर उभी असलेली अस्मिता सारखी दाराकडे बघत असते. कॅसेट तिथे आली, की चारुदत्तराव खुर्चीतून अर्धे उठतात.