कुंपणाकडच्या फांद्या

शाळेतून उड्या मारत आलेली पंचफुला परसात पाय टाकताच थिजली. तिच्या लाडक्या संत्र्याच्या झाडाभोवतीची माती उकरून काढलेली, आणि मुळ्या, होय, मुळ्या, भर उन्हात उघड्या पडलेल्या!

"माय! झाड कोनं खंदलं व?"

"तुह्या बाबानं," इंदूबाई भाकर थापता थापता म्हणाली. "खंदलं अन् गेले राळेगावले. थेंबभर पानी टाकू नका म्हनाले."

तिचे बाबा नागोराव राळेगावकडे एका संत्र्याच्या बागेत कामाला होते. बाजाराच्या दिवशी तेवढे घरी येत. शब्द मोजून बोलणारा माणूस. नागपूरला दीक्षा घेऊन आले, त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात त्यांनी हे कलम लावलं होतं. सहा वर्षांत झाड डोक्याच्या वर गेलं, पण फळ म्हणाल तर एक नाही. इंदूबाई रोज भांड्यांचं पाणी त्याला ओतायची आणि रोज ऐकवायची, "नुसता पाला! औंदा फळ नाही आलं तं तोडा अन् तिथं म्हशीले गोठा बांधा." आणि पंचफुलानं तर नववीच्या अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं, औंदा घरची संत्री आणते म्हणून!

म्हणजे बाबांनी मायचं ऐकलं. झाड वाळवायला घेतलं. दुसरं काय असणार?

आठ दिवसांत पानं मलूल होऊन गुंडाळली. नागोराव आले, झाडाभोवती फिरले, एक पान बोटांत चुरगाळलं आणि म्हणाले, "बरं होऊन राह्यलं."

बरं? वर्गात गुरुजींना उलट प्रश्न विचारणारी पोरगी, पण बाबांना काही न विचारताच तिनं मनाशी बेत ठरवला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं काम सुरू केलं. मधल्या सुट्टीत घराकडे धूम ठोकायची, मायला दिसू नये म्हणून मागच्या काटेरी कुंपणातून हात घालायचा आणि लोट्यानं मुळ्यांवर पाणी सोडायचं. हात पोचेल तेवढ्याच मुळ्यांवर. काट्यांनी कोपरापर्यंत ओरखडे उठले. मैत्रिणींना सांगितलं, मांजरीनं बोचकारलं.

पंधरा दिवसांनी नागोराव आले ते शेणखताची टोपली घेऊनच. मुळ्या झाकल्या, खत घातलं आणि विहिरीचं पाणी बादल्यांवर बादल्या ओतलं. पंचफुलाला कोडं पडलं. मारणारा माणूस पाणी पाजतो?

आणि मग महिनाभरानं, बाजाराच्याच दिवशी, सकाळी तिला वासानं जाग आली. ती धावली. झाड पांढऱ्या फुलांनी नुसतं लगडलेलं! मधमाश्यांची गुणगुण! ती टाळ्या पिटत झाडामागे गेली आणि हात तसेच हवेत राहिले.

कुंपणाकडच्या फांद्यांवर एकही फूल नव्हतं. नुसता हिरवागार, चकचकीत पाला.

मागून आलेल्या नागोरावांनीही ते पाहिलं. "असं कसं? तान तं साऱ्या झाडाले सारखाच देल्ला."

"तान म्हनजे काय, बाबा?"

"पानी तोडाचं, मुळ्यायले ऊन दाखवाचं. झाड घाबरते अन् फुलावर येते. साऱ्या बागायमंदी असंच करते. तुही माय रोज पानी पाजे, मंग ते कायले फुलते?"

पंचफुलाचे कान गरम झाले. "बाबा, इकडून मी पाजलं. रोज. मले वाटलं, तुमी झाड मारून राह्यले."

नागोरावांनी झाडाच्या खोडावर हात ठेवला. "मी? माह्या हातानं लावलेलं?"

"अन् मी म्हनो, लोटा रोज वला काहून रायते!" दारातून इंदूबाई ओरडली.

"माय, गोठा..." पंचफुलाचा आवाज चिरकला.

इंदूबाई फुलांकडे बघत होती. "म्हैस बांधू तिकडं बाभळीखाली."

नागोरावांनी भिंतीला टेकवलेली कुदळ उचलून लेकीच्या हातात दिली. "पुढच्या साली तान तूच दे. अन् काही पुसाचं असन तं मले तोंडानं पूस."